गाव्रिलचा तास

पोयेनी गावातल्या कुठल्याही घराच्या तळघरात उतरलं की तिथे कोबी मुरवायचं लाकडी पिंप असायचंच, आणि ते बहुधा गाव्रिल लाझाच्या हातचं असायचं. कोबीचंच. दारूचं नव्हे. एवढ्याशा फरकापायी त्याला एकदा बापाचं घर सोडावं लागलं होतं.

बापही पिंपंच बांधायचा, पण आलुबुखाराच्या दारूची. त्या डोंगराळ भागात आलुबुखाराची बाग नाही असं घर नाही आणि भट्टी लागली नाही असा शरद ऋतू नाही, तेव्हा बापाला कामाची ददात नव्हती. गाव्रिल पंचविशीचा असताना एका हिवाळ्यात ओनिसिम नावाच्या भाविकाच्या घरातलं प्रार्थनेचं गाणं ऐकून आत गेला आणि बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. वसंतात त्यानं ओढ्याच्या गार पाण्यात बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी बापाला सांगितलं, की यापुढे दारूचं पिंप बांधणार नाही. म्हाताऱ्यानं हातातली मोगरी फेकून मारली.

"पिंपाला काय कळतं रे, आपल्यात काय ओततात ते?"

"पिंपाला नाही कळत, बाबा. बांधणाऱ्याला कळतं."

गावात ओनिसिमच्या मंडळीला 'पश्चात्तापवाले' म्हणत. बाकीचं गाव ऑर्थोडॉक्स, घंटा वाजणाऱ्या मोठ्या चर्चमध्ये जाणारं. आणि हे मूठभर लोक ओढ्याकाठच्या साध्या प्रार्थनाघरात बाकांवर बसणारे. दारू नाही, शिवी नाही, नाच नाही. कुणी त्यांना हसे, कुणी त्यांच्यावर विश्वासून किल्ली ठेवून जाई. बहुतेक जण दोन्ही करत.

मंडळीत एक जुनी रीत होती. रविवारी संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मंडळीचे प्रमुख ओनिसिम उभे राहायचे आणि देवाचा एक गुण सांगायचे. एकच, दोन-तीन शब्दांत. देव धीर धरतो. देव बोलल्याला जागतो. देव लहानांकडे बघतो. मग तो गुण आठवडाभर सगळ्यांचा. गाईची धार काढताना, मका सोलताना तो मनात घोळवायचा. "त्याचा अर्थ लावत बसू नका," ओनिसिम म्हणायचे, "त्याच्या शेजारी बसा. शेजाऱ्याशी ओळख बसूनच होते." पुढच्या रविवारी एकेकानं उठून आपल्याला काय दिसलं ते एका वाक्यात सांगायचं. पुस्तकातलं नको, उसनं नको. ज्याला काही दिसलं नसेल त्यानं तसं म्हणून खाली बसावं. त्यात कमीपणा मानत नसत.

गाव्रिल कधी तसा रिकामा बसला नव्हता. दुपार कलली की तो रंधा, पटाशी बाजूला ठेवी, कारखान्याचं दार ओढून घेई आणि पालथ्या घातलेल्या पिंपावर बसे. जुन्या, देवाधर्माला बंदी घालणाऱ्या राजवटीत हे सगळं कुजबुजत करावं लागे, भिंतींना कान होते. ती राजवट गेल्यापासून तो मोठ्यानं म्हणायचा. एकच वाक्य, सावकाश, श्वासाबरोबर. कधी या शब्दावर टेकून, कधी त्या. सुरुवातीला नुसते शब्द असत, लाकडासारखे कोरडे. मन भरकटे, ओढून आणावं लागे. मग कधीतरी, रोज नाही, ते वाक्य आतून उघडायचं आणि छातीत असं काही गोड पसरायचं की बाहेर यावंसं वाटू नये. रविवारी तो उठून आपलं वाक्य सांगायचा तेव्हा बाया डोळ्यांना रुमाल लावत. सगळे त्याच्या पाळीची वाट बघत, आणि तो लाजून म्हणत असला तरी त्यालाही ते ठाऊक होतं.

त्याच्या बायकोचं, युस्तिनाचं, वेगळं होतं. ती ऑर्थोडॉक्स घरातली, लग्नानंतर त्याच्याबरोबर मंडळीत आली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यातून वर येताना तिला हसू फुटलं होतं, आणि ते बऱ्याच जणांनी मनात ठेवलं होतं. रविवारी तिची पाळी आली की ती बहुधा म्हणायची, "या आठवड्यात मला सवड झाली नाही. गाय व्यायली." किंवा, "जाम शिजवत होते, ढवळायचं सोडून कुठे जाऊ?" लोक हसायचे. गाव्रिलला मात्र ओशाळल्यासारखं व्हायचं.

आणि ती हाका मारायची. तो दुपारी प्रार्थनेच्या तासाला बसला की हमखास. "गाव्रिल, झाकण उघड जरा!" "गाव्रिल, कोंबडी कुंपणात अडकली!" आधी तो उठायचा. चिडून उठायचा, आणि परत आला की वाक्य मिटलेलं असायचं. मग एकदा ओनिसिम काही कामानं आले असताना तिनं अशीच हाक मारली आणि ते समोर बसलेत म्हणून तो उठला नाही. त्या रविवारी ओनिसिम सगळ्यांसमोर म्हणाले, "गाव्रिलभाऊंकडे बघा. जग हाका मारतं, पण हा माणूस देवाच्या तासातून उठत नाही. असं बसावं."

त्या दिवसापासून तो कधीच उठला नाही. युस्तिनानंही हाका मारणं सोडलं. एकदाच म्हणाली, "देवाकडे तुझा तास आहे ना, तसा माझ्याकडेही ठेव एखादा. अर्धा दिलास तरी चालेल." त्यानं ते थट्टेवारी नेलं.

ते कोबीचे दिवस होते. गावभरातून जुनी पिंपं गळती काढायला आली होती, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या आठवड्याचा गुण होता: देव ऐकतो.

चार दिवस वाक्य मिटलेलंच राहिलं. पाचव्या दिवशी दुपारी ते हलू लागलं. गाव्रिल डोळे मिटून बसला होता, देव ऐकतो, देव ऐकतो, आणि त्याला जाणवत होतं की आता काही येणार, अगदी दाराशी आहे. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या गोठ्यातून हाक आली.

"गाव्रिल!"

नेहमीसारखीच. तो गप्प झाला. असेल काही, झाकण नाहीतर कोंबडी. मग दुसरी आली. ती नेहमीसारखी नव्हती. खालून आल्यासारखी होती, मध्येच फाटलेली. इतकी वर्षं ज्या बाईचा आवाज ऐकला तिचा आवाज कधी कसा असतो हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण ते गोड तेव्हा दाराशी आलं होतं, आणि ते त्याला हवं होतं. त्यानं श्वास घेतला आणि वाक्य पुन्हा सुरू केलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

आणि ते आलं. त्या दुपारी त्याला जे वाक्य मिळालं तसं उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

तो दार उघडून बाहेर आला तेव्हा ओढ्यापलीकडे राहणारा मित्रु त्याला दिसला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. मित्रु आणि त्याचा जावई युस्तिनाला एका फळीवर घालून गोठ्याबाहेर आणत होते. माळ्याची शिडी सरकली होती, आणि ती गवताच्या भाऱ्यासकट खाली आली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. चेहरा चुन्यासारखा.

"कुठे मेला होतास रे?" मित्रु ओरडला. "मी ओढ्यापलीकडे भट्टीपाशी, पोटात दोन-तीन घोट, तरी मला ऐकू आलं!"

"आत होतो," गाव्रिल म्हणाला. "ऐकू नाही आलं."

विचार करायच्या आधीच ते तोंडातून गेलं होतं. युस्तिनानं फळीवरून मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि म्हणाली, "पट्ट्या ठोकत होता. ठोकताना काय ऐकू येतं माणसाला."

"मला तर ठोकल्याचा..." मित्रु बोलू लागला, तिच्याकडे बघून थांबला, आणि जावयावर खेकसला, "उचल ना, बघतोस काय!"

खुबा मोडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात हाडात खिळे घातले. गाव्रिल तिथल्या बाकावर झोपायचा, भांडं उचलायचा, तिच्या तोंडाला पाणी लावायचा. परिचारिका म्हणायच्या, "असा नवरा नशिबानं मिळतो." खरं काय ते तिला सांगावं, असं तो रोज सकाळी ठरवायचा. दुखणं कमी होऊ दे. टाके निघू देत. घरी जाऊ दे.

घरी आणलं, बाहेरच्या खोलीत खाट मांडली. मित्रु बाटली घेऊन आला.

"घाबरू नकोस, पश्चात्तापवाल्या. चोळायला आहे, प्यायला नाही."

"ठेव तिथे."

"बरा आहेस ना? तू तिच्यापेक्षा आजारी दिसतोस." मित्रु कुंपणाला टेकला, टोपी मागे सारली. "एक विचारू? त्या दिवशी तू खरंच ठोकत होतास?"

गाव्रिल खाली वाकून एका पिंपाची पट्टी चाचपू लागला. "तिनं सांगितलं ना."

"तिनं सांगितलं, हो." मित्रुनं बाटली कुंपणावर ठेवली. "बरं. बायको सांगते ते खरं. माझी पण सांगते की मी पीत नाही."

त्या रविवारी रहेला थोडा वेळ युस्तिनाजवळ बसायला आली, आणि गाव्रिल बऱ्याच आठवड्यांनी प्रार्थनाघरात गेला. रहेला मंडळीतली तरणी बाई. नवरा बांधकामावर म्हणून जर्मनीला गेलेला, आणि वर्ष उलटलं तरी निरोप नाही. खाटेपाशी सून नि लेक दोन्ही होऊन राबायची. ती युस्तिनाला पाणी देऊन उशिरा आली आणि पुढच्याच बाकावर टेकली.

सगळ्यांची वाक्यं झाली. ओनिसिम म्हणाले, "गाव्रिलभाऊ, 'देव ऐकतो' हे तुमचं राहिलंय. तुमच्या घरावर तर तसा प्रसंगच गुदरला. काही दिसलं असेल तर सांगा."

गाव्रिल उठला तो सांगायला, की मला काही दिसलं नाही. देवाशप्पथ तेच सांगायला उठला होता. पण समोर रहेला होती, मान मागे वळवून बघत होती, तहानलेल्या माणसानं विहिरीकडे बघावं तशी. आणि ते वाक्य इतके आठवडे जिभेवर होतं.

"हाक तोंडातून सुटायच्या आधीच देव जागेवरून उठलेला असतो," तो म्हणाला.

मग मागून एक म्हातारी हुंदका देऊन "आमेन" म्हणाली. रहेलानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. गाव्रिल खाली बसला आणि त्याला वाटलं, बाकाखालची जमीन त्याच क्षणी उघडली असती तर बरं झालं असतं. त्याहून वाईट म्हणजे, रडणं ऐकून त्याला एक क्षणभर बरंही वाटलं होतं. हे तो पुढे कधीच विसरला नाही.

त्या आठवड्यात त्यानं तास केला नाही. बसायचा, पण तोंड उघडेना. ओनिसिमनी दिलेला गुण 'देव लपलेलं बघतो' असा होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला कुणी सांगितलं की काय. पण ओनिसिम सगळे गुण ठरलेल्या क्रमानंच देत, आणि हा दरवर्षी याच सुमारास यायचा. मागच्या वर्षी त्यावर गाव्रिलनंच केवढं सुंदर वाक्य सांगितलं होतं. आता ते आठवेना.

घरी बाया येतच होत्या. कुणी सूप आणी, कुणी कोबीची भरलेली पानं. खाटेशी बसून बोलत. गाव्रिल कारखान्यात असला तरी फळ्यांच्या फटींतून शब्द यायचे. "...उठलेला असतो, काय वाक्य!..." "ताई, तुमच्या पडण्यातूनच ते आलं बघा, देवाची योजना." युस्तिनाचा आवाज त्यात नसायचा. एकदा तो आत गेला तेव्हा एक बाई बोलत होती आणि युस्तिना भिंतीकडे तोंड करून पडली होती. "झोप लागली वाटतं," बाई हळूच म्हणाली. गाव्रिलनं बघितलं, तिचे डोळे उघडे होते.

शनिवारी दुपारी तो तिचे केस विंचरत होता. आडवं पडून तिला स्वतःला विंचरता येत नव्हतं, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं होतं. आधी नुसता गुंता करायचा. आता जमायला लागलं होतं. ती उशीवर पाठमोरी कललेली, तो मागे स्टुलावर.

"रहेला आली होती," ती म्हणाली.

"हं."

"रडत होती. म्हणाली, ताई, त्या वाक्यावर मी हे दिवस काढतेय. म्हणाली, तुमचं भाग्य, असा माणूस मिळाला." थोडं थांबून ती म्हणाली, "थांबलास का? विंचर."

फणी त्याच्या हातात तशीच राहिली.

"युस्तिना, मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"तू मारलेली हाक. दोन्ही वेळा."

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज आला.

"तीनदा मारली होती," ती म्हणाली. "तिसरी तुला ऐकू आली नसेल. तू आवाज वाढवला होतास."

"तुला माहीत होतं?"

"मधे एक फळ्यांची भिंत, गाव्रिल. माझा खुबा मोडला होता, कान नव्हते मोडले. तू म्हणत होतास, देव ऐकतो, देव ऐकतो. मी हाक मारली, तू थांबलास. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, उठला. दुसरी मारली ती नुसती तू कुठे आलास बघायला. आणि मग तू पुन्हा सुरू केलंस. मोठ्यानं. मी तिथे गवतात पडून ऐकतेय, देव ऐकतो."

तो रडू लागला. तिनं वळून बघितलं नाही. वळता येत नव्हतं तिला.

"मग मी ठोकत होतो असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? मित्रुच्या तोंडावर? नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं? मला लाज वाटली. तुझी नाही रे, माझी. इतकी वर्षं संसार केला आणि माणूस हाकेला उठत नाही, तर लोक म्हणतील हिच्यातच काही खोट असणार. एरवी तो एवढा देवमाणूस."

"युस्तिना, मला क्षमा..."

"थांब!" ती एकदम म्हणाली. "नको मागूस. तू मागितलीस की मला द्यावी लागेल, आपल्यात रीतच तशी आहे. तू रडत मागणार, मी रडत देणार, ओनिसिमभाऊ आमेन म्हणणार, आणि उद्या प्रभुभोजन आहे म्हणून सगळं झकास. माझ्याकडे आत्ता नाहीये ती. नसलेली वस्तू कुठून काढून देऊ?"

"मग मी काय करू?"

"वेणी घाल आधी. गार लागतंय मानेला."

त्यानं वेणी घातली. शेवटाला तिनं सांगितलं, "आणि ते वाक्य परत घे. मला तुझ्या पश्चात्तापाचं काही नको, पण ते वाक्य घरात नको मला. बाया येऊन मला ते ऐकवतात, आणि मला उठून जातासुद्धा येत नाही."

"रहेला त्यावर दिवस काढतेय म्हणालीस ना."

"म्हणाले. ते तू आधी बघायला हवं होतंस."

दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि द्राक्षरस. भोजनाआधी ओनिसिम नेहमीसारखे म्हणाले, "ज्याची कुणाशी शांती नसेल त्यानं आत्ता सांगावं, नाहीतर उठून आधी समेट करून यावं." हे दर महिन्याला म्हणायचे, आणि सगळे मान खाली घालून गप्प बसायचे.

गाव्रिल उठला. त्यानं पुढच्या बाकाला धरलं.

"मागच्या रविवारी मी एक वाक्य सांगितलं," तो म्हणाला. "ते मला ज्या वेळी मिळालं, त्याच वेळी युस्तिना गोठ्यात पडली होती आणि मला हाका मारत होती. मला ऐकू येत होतं. ठोकत नव्हतो मी. तासाला बसलो होतो. ती हाक वेगळी आहे हे मला कळलं होतं. तरी मी उठलो नाही, कारण मला छान वाटत होतं. तिचा आवाज येऊ नये म्हणून मी मोठ्यानं म्हणू लागलो. मित्रु ओढा ओलांडून आला, आणि मला मधे नुसती भिंत. एवढंच. ते वाक्य मी परत घेतो."

त्याला वाटलं होतं कुणीतरी रागावेल. कुणी रागावलं नाही, ते जास्त अवघड गेलं. मागच्या बाकावरच्या म्हातारीनं ओठ घट्ट मिटले. एकानं खोकून दुसऱ्याकडे बघितलं. रहेला वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे ते खरं नाही?" तिनं विचारलं. "देव उठत नाही?"

एरवी अशा वेळी त्याला काहीतरी सुचलं असतं, आणि ते चांगलंही असतं.

"मला ठाऊक नाही, ताई," तो म्हणाला. "मला एवढंच ठाऊक आहे की मी उठलो नाही. देवाबद्दल माझ्या तोंडचं काही धरू नका तुम्ही."

ती पुन्हा समोर वळली. तिचे खांदे हलत होते की नाही, त्याला कळलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

ओनिसिम मेजाला टेकून उभे होते. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, हाताला कंप. ते म्हणाले, "भाऊ, रीत तुम्हाला माहीत आहे. आज तुम्ही भाकर घेऊ नये." मग कापडाची घडी उगाच सरळ करत म्हणाले, "तो हाकेला उठत नाही, म्हणून मीच इथे उभं राहून त्याचं कौतुक केलं होतं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. मीही आज घेत नाही. मोडून देईन फक्त."

ताट बाकाबाकांवरून फिरलं. गाव्रिलच्या हातात आलं तेव्हा त्यानं ते न थांबवता पुढे दिलं. आयुष्यात कधी केलं नव्हतं असं. वजन काहीच नव्हतं त्या ताटाला, तरी त्याचे हात भरून आले.

आजारी माणसांसाठी ओनिसिम भाकर घरी नेत. रहेला काही न बोलता आपल्या वाटेनं गेली. गाव्रिल म्हाताऱ्यामागून चालत घरी आला. मित्रु कुंपणाशी होता. "काय रे, आज लवकर सुटलं तुमचं? पापं संपली का?" दोघे तसेच पुढे गेले, तेव्हा त्यानं टोपी काढली.

ओनिसिम खाटेशी बसले, रुमाल उलगडला. "शांती असो, युस्तिनाताई. भाकर आणली आहे. तुमची सगळ्यांशी शांती आहे ना?"

"नाही," युस्तिना म्हणाली.

"कुणाशी नाही?"

"हा काय, दारात उभा आहे. बोलला का तिथे?"

"बोलला. सगळं."

"भिंतीचं पण? मोठ्यानं म्हटल्याचं पण?"

"ते पण."

तिनं छताकडे बघत सगळं मनात फिरवल्यासारखं केलं. "बरं झालं," ती म्हणाली. "पण मला अजून शांती नाही, ओनिसिमभाऊ. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी वाटतं आज असेल, आणि मग पाय हलवायला जावं तर पुन्हा ती दुपार आठवते. तुम्ही पुढच्या महिन्यात या. तेव्हाही नसेल कदाचित. पण या."

ओनिसिमनी रुमाल पुन्हा दुमडला, खिशात ठेवला. गाव्रिलला वाटलं आता ते काही समजावतील, मोठे शब्द बोलतील. त्यांनी नुसतं विचारलं, "जेवायला काय आहे?"

"मित्रुच्या बायकोनं घेवड्याचं सूप पाठवलंय. आणि मक्याचा सांजा हा करेल. गुठळ्या होतात त्याच्या, चालत असेल तर बसा."

"आज उपाशीच आहे मी. गुठळ्या चालतील."

गाव्रिलनं चुलीवर पाणी ठेवलं, मीठ टाकलं, पीठ सोडत ढवळू लागला. पाठीमागे ते दोघे कोबीच्या भावाबद्दल बोलत होते, पाऊस लांबल्याबद्दल, रहेलाच्या नवऱ्याबद्दल. "तिच्याकडे संध्याकाळी जातं कोण?" युस्तिना विचारत होती. "कुणीतरी जा. वाक्यं नका सांगू तिला. लाकडं फोडून द्या."

"मी जातो," गाव्रिल चुलीकडूनच म्हणाला.

"तिनं दार उघडलं तर."

"नाही उघडलं तर बाहेर फोडून ठेवीन."

सांजा घट्ट झाला, त्यानं तो फळीवर उलटला, दोऱ्यानं कापला. गुठळ्या होत्याच. मग तो तिला उठवून बसवायला खाटेशी आला. एरवी ती खाटेच्या दांडीला धरून स्वतःच दात-ओठ खात वर सरकायची, तेवढ्यापुरता त्याला हात लावू देत नसे. आज दांडी धरताना तिचा हात सुटला. तिनं एकवार त्याच्याकडे बघितलं, आणि दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून असेल, त्याच्या मानेभोवती हात टाकला.

"हळू रे," ती म्हणाली. "पिंप नाही मी."

तो थांबला. ती पुढचं सांगेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला, पाठ दुखायला लागली तरी. ओनिसिम खाली मान घालून सुपात सांजा बुडवत होते.

"आता," ती म्हणाली. "थोडं. अजून थोडं."